बल्ली

सुट्टीवर आलो की पहिल्याच दिवशी बाबाच्या डोंग्यात बसायचं,
हे आमच्याकडचं हजेरी लावणं.
आजचा माल : धानाची चार पोती,
डाकराम शिंप्याची मशीन, दुरुस्तीला चाललेली, सोबत डाकराम,
आणि एक बकरी.
ती माझ्याकडे कस्टमच्या साहेबासारखी बघतेय.

घाट सुटला.
पाण्याच्या पंपाचं जुनं इंजिन बाबाने डोंग्याच्या मागल्या बाजूला बसवलंय,
त्याच्या फटफटीवर आवाज चढवून तो म्हणाला,
"सांग गा सेवक, तुया जहाजाचे दिवे गेल्ते म्हने."

गेले होते.
पारादीपहून निघालो होतो,
चोपन्न हजार टन लोहखनिज पोटात.
"पारादीप," डाकराम हसला, "नावातच दिवा, आन् दिवेच गेले?"

पायलट वर होता, टगांचे दोर नुकतेच सुटले होते.
मी खाली, पाण्याच्या पातळीखाली दोन मजले,
हातात तेलाचा डबा.
आधी एक जनरेटर खोकला.
दुसऱ्याने त्याचं ओझं खांद्यावर घेतलं,
घेतलं न घेतलं तोच खाली टाकलं.
मग सगळंच. पंखे, पंप, मुख्य इंजिन,
सुकाणूचा जोर.

गावची लाइट जाते तसं नाही, बाबा.
गावची लाइट गेली की कुणीतरी आधी शिवी घालतं,
मग कुत्रं भुंकतं,
मग बाया बाहेर येऊन बसतात
आणि ज्याच्या घरची आली त्याचा हेवा करतात.
तिथे कुणी ओरडलं नाही.
चीफचा टॉर्च फक्त काट्यांवरून फिरला,
सगळे काटे शून्यावर निजलेले.

आणि मला पाणी ऐकू आलं.
सात वर्षं दर्यावर आहे,
पहिल्यांदा.
लोखंडाच्या पलीकडून, अगदी कानाशी,
हेच,
चळक चळक,
लहानपणी डोंग्याच्या फळीवर निजून ऐकायचो ते.
एवढ्या मोठ्या जहाजाशीही पाणी
एवढंसंच बोलत होतं.

थोड्या वेळाने छोटे पिवळे दिवे आले,
तोंड ओळखण्यापुरते.
इंजिन नाही आलं.
वर लंगर सुटला, साखळी धावली
पत्र्यावर दगड लोटावेत तशी.
समोर काय आहे ते खालच्यांना कोण सांगणार.
धक्क्याची भिंत होती. नंतर कळलं.
अकरा मिनिटं.
फिल्टरमध्ये गाळ सापडला, मूठभर.
अहवालात लिहिलं : हानी नाही.
तेलाचा डबा मी तेवढा वेळ तसाच धरून होतो,
थेंब सांडू दिला नाही,
ते कुणी लिहिलं नाही.

बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"एवढं मोठं जहाज, आन् एक बल्ली नोयती ठेवली?"

डाकराम मशीनवर डोकं टेकून हसला. मीही.
बाबा नाही हसला.

पात्राच्या मध्यावर आल्यावर त्याने इंजिन बंद केलं.
"आईक," म्हणाला.
चळक चळक.
डोंगा आपल्या मनाने वळू लागला,
ज्या गावाला आम्हाला जायचं नव्हतं
त्या गावाकडे.

बाबाने कडेची बल्ली उचलली.
दर तीन वर्षांनी तो नवा बांबू आणतो,
अठरा हात, सरळ, गाठी तासून.
ती पाण्यात सोडली. सोडत राहिला.
मनगट भिजलं,
मग कोपर.
"धरनाचं पानी भरल्यापासून
मंधात टेकतच नाई."

निथळती बल्ली वर ओढली,
पुन्हा तिच्या जागी ठेवली, तिचं टोक
पोत्याला लागू नये म्हणून थोडं सरकवलं.

"मग ठेवता काहाले?"

त्याने लुंगीला हात पुसला,
इंजिनाचं हँडल मारलं.
लागलं नाही.
पुन्हा मारलं.
डाकरामने मशीनभोवती हात घातला.

बकरी उठून उभी राहिली.